आबांच्या झोर्कीला पडलेलं भोक

हा आजच्या एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर. ज्यांना बसमध्ये नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खास. बोलताना जे अडखळलो, ते गाळलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे कापडाचं शटर. हो, कापडाचंच. मी एका जुन्या रशियन कॅमेऱ्याचं शटर जाळलं, तीन महिने कुणाला सांगितलं नाही, आणि मग दुरुस्त केलं. त्याची ही गोष्ट.

कॅमेरा माझ्या आजोबांचा. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबा लातूरचे, पण नोकरी नाशिकजवळ ओझरला. ओझरला १९६४ साली एचएएलचा कारखाना सुरू झाला, मिग-२१ विमानं बनवायला. विमान सोव्हिएत, त्यामुळे शिकवायला माणसंही तिकडून आलेली. आबा तिथे फिटर होते. एक रशियन साहेब परत जाताना आबांना कॅमेरा विकून गेला, असं घरात सांगतात. कॅमेऱ्याचं नाव झोर्की-४. रशियनमध्ये झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हे मॉडेल १९५६ ते १९७३ या काळात बनलं. मुळात हे घराणं जर्मन लायकाची नक्कल. बहुतेक झोर्कींच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बनवल्याचं साल. आमच्या कॅमेऱ्यावर ते ६६ आहेत.

आबांची नजर आता खूप कमी झालीय. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि एकच गोष्ट सांगितली, "टोपण लावत जा." मी हो म्हटलं. सगळेच म्हणतात.

आता मे महिन्यातला नांदेडचा घाट डोळ्यांसमोर आणा. नगीना घाट, दुपारचे साडेबारा. मित्र थंड पाण्याची बाटली आणायला गेला होता. मी कॅमेरा वाइंड केला, फोकस दूरवर ठेवला, लेन्स पूर्ण उघडी, आणि कॅमेरा पायरीवर आडवा ठेवला. काच आभाळाकडे. टोपण खिशात.

लहानपणी भिंगाने कागद जाळलाय ना? तेच झालं. आपल्याकडे मेच्या मध्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, पेपरात शून्य सावलीच्या बातम्या येतात. म्हणजे पाठीवर झोपवलेला कॅमेरा थेट सूर्याकडे बघत असतो. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असतो, तो प्रकाश वर वळवतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. लेन्स, आणि तिच्या मागे थेट शटरचं काळं कापड. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून सूर्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पडते. दुपारची सगळी धग त्या ठिपक्यात.

तेव्हा मला काही कळलं नाही. फोटो काढले, घरी आलो. फिल्म मी घरीच धुतो, ब्लॅक अँड व्हाइट. काही फोटोंमध्ये मधोमध पांढरा डाग. मला वाटलं, केमिकल. पुढच्या रोलमध्ये पुन्हा डाग, त्याच जागी, पण कुठे गडद तर कुठे अगदी पुसट. एका जागी येणारा पण कमीजास्त होणारा बग म्हणजे सगळ्यात वाईट बग. मग वहीत लिहायला लागलो, वाइंड केल्यावर किती वेळाने फोटो काढला. तिसऱ्या रोलला पॅटर्न दिसला. वाइंड करून लगेच काढला तर डाग पुसट, वाइंड करून तासभर फिरलो तर भगभगीत.

याचं कारण समजायला शटर समजून घ्या. त्यात दोन पडदे असतात, रबराचा लेप दिलेल्या पातळ कापडाचे. बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो आणि फिल्म उघडते. त्याच्या मागोमाग दुसरा पडदा येतो आणि झाकतो. जास्त स्पीडला दोघांमध्ये एक फट राहते आणि ती फट फिल्मवरून धावते. पडदे तेवढ्याच वेगाने पळतात, फट लहान-मोठी होते. १/१००० सेकंदाला ती जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते. फोटो काढून झाला की फिल्मसमोर दुसरा पडदा असतो. वाइंड केलं की नवी फिल्म पुढे येते आणि तिच्यासमोर पहिला पडदा येतो.

माझा डाग वाइंड केल्यानंतरच वाढत होता. म्हणजे भोक पहिल्या पडद्याला. झोर्की-४ ची पाठ आणि तळ एकत्रच निघतात. रात्री खोलीत अंधार केला, लेन्स काढली, वाइंड केलं, पुढून मोबाइलचा टॉर्च लावला आणि मागून बघितलं. काळ्या कापडात एक लांबट चीर चमकत होती. साधारण दोन मिलिमीटर.

गोल भोक नाही, चीर. का? सूर्य सरकतो म्हणून. त्या दिवसांत या लेन्समध्ये त्याची प्रतिमा मिनिटाला सुमारे ०.२ मिलिमीटर सरकते. दोन मिलिमीटर म्हणजे दहा मिनिटं. मी स्वतःला सांगत होतो, एखादं मिनिट ठेवला असेल. चिरेचा हिशेब वेगळा होता.

इथे मी मूर्खपणा केला. एवढीशी चीर होती. पातळ काळ्या कापडाचा तुकडा आणि लवचिक राहणारं रबरी सोल्युशन, एवढ्यात काम भागलं असतं. पण मला ते कुणाला कळायच्या आत मिटवायचं होतं. म्हणून रात्री साडेअकराला बहिणीचं काळं नेलपॉलिश घेतलं आणि दोन हात मारले. टॉर्च लावला, अंधार. वा! झालं.

नेलपॉलिश वाळलं की कडक होतं. पडदा प्रत्येक वेळी बोटाएवढ्या रुळावर गुंडाळला जातो. आठवड्याभरात पॉलिशला भेगा पडल्या, कडेला कापड फाटलं, आणि त्या जाड थरामुळे पडदा अडकायला लागला. एक दिवस बटण दाबलं आणि तो अर्ध्यात थांबला. दोन मिलिमीटरचं भोक होतं, आता अख्खं शटर गेलं. हे आबांच्या दहा मिनिटांच्या उन्हाने केलं नाही. माझ्या लपवालपवीने केलं.

दिवाळीला लातूरला गेलो. कॅमेरा बॅगेत, तळाशी. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "काय लपवूलालास रं?" नजर कमी झालीय, पण बाकी सगळं शाबूत आहे. सांगितलं सगळं. ते रागावले नाहीत, प्रश्न विचारत गेले.

"भोक कुठल्या पडद्याला?"

"पहिल्या."

"म्हंजी वाइंड करून ठिवला हुतास. स्प्रिंग ताणून ठिवायची नसती, सांगितलं हुतं की. टोपण?"

"खिशात होतं, आबा."

जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तवाच सांगितला असतास तर नेलपॉलिश तरी लागलं नसतं."

तेवढंच. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

मग कामाला लागलो. कॅमेऱ्याचं शटरचं कापड मी आधीच ऑनलाइन मागवून ठेवलं होतं. त्याआधी छत्रीचं कापड लावून बघायचा विचार होता. तो सोडून द्या. छत्रीच्या कापडातून टॉर्च आरपार दिसतो, आणि कापलेल्या कडेने धागे सुटतात.

आबांचा पहिला नियम ओझरचा. काढलेला प्रत्येक भाग लिहून ठेवायचा. लेन्स जिथे बसते त्या कड्याखाली पातळ चकत्या असतात. लेन्सची बैठक फिल्मपासून २८.८ मिलिमीटरवर हवी, ते अंतर या चकत्या जमवतात. एक हरवली तरी प्रत्येक फोटो आउट ऑफ फोकस. मी त्या क्रमाने दोऱ्यात ओवल्या. स्प्रिंग सोडण्याआधी किती फेरे सुटतात ते मोजायचं, हे मात्र मी विसरलो. आबा म्हणाले, "मग आता अंदाजानं भर, आन् थोडं थोडं भर."

जुने पडदे काढून, सपाट करून त्यांचे कागदी साचे केले. कापायला गंज गोलाईजवळच्या ओळखीच्या टेलरकाकांकडे गेलो. मी ब्लेड काढलं तर त्यांनी हात धरला. म्हणाले, "आधी उभा धागा कुठला, आडवा कुठला ते बघ. तिरकं कापलंस तर ताण पडला की कापड एका अंगाला जातंय." पँटच्या बाबतीत जे खरं, ते शटरच्या बाबतीतही खरं. त्यांनी दोन्ही पडदे दहा मिनिटांत कापून दिले, पैसे घेतले नाहीत. कॅमेरा चालू झाला की फोटो काढून दे, म्हणाले.

प्रत्येक पडद्याच्या कडेला धातूची बारीक पट्टी असते आणि तिथून दोन फिती निघतात, वर एक, खाली एक. दोन्ही फितींची लांबी तंतोतंत सारखी हवी. नाही तर फट तिरकी होते आणि फोटोचा वरचा भाग उजळ, खालचा काळपट येतो. पहिल्यांदा माझी चुकली. सोडवून पुन्हा चिकटवली. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, तो नेलपॉलिशसारखाच कडक होतो. लवचिक सोल्युशन, अगदी पातळ, आणि रात्रभर वाळू द्यायचं.

मग स्प्रिंगचा ताण. दुसरा पडदा पहिल्यापेक्षा वेगाने पळाला तर तो वाटेतच त्याला गाठतो, फट बंद होते आणि फोटोची एक बाजू काळी येते. हे डोळ्यांनी कळत नाही. मोबाइलचा स्लो-मोशन २४० फ्रेमचा असला तरी दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंद जातात. १/१००० सेकंद त्यात सापडणारच नाही. म्हणून एक फोटोट्रान्झिस्टर घेतला, लॅपटॉपच्या माइकच्या पिनला जोडला आणि शटरमागे धरला. पुढून टॉर्च. साउंड कार्ड सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतं, म्हणजे १/१००० सेकंदात ४४ वेळा. फ्रेमची डावी बाजू, मधला भाग, उजवी बाजू, असं तीन ठिकाणी मोजलं. पाव-पाव फेरा ताण बदलत दोन संध्याकाळी गेल्या.

निकाल? १/५०० लावलं की प्रत्यक्षात १/३५० च्या आसपास मिळतं. अर्ध्या स्टॉपचा फरक. पण डावीकडे आणि उजवीकडे सारखंच, आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्म एवढं सांभाळून घेते. १/१००० ला उजवी बाजू अजून काळपट येते. ते मी वापरत नाही.

तुमच्याकडे असा कॅमेरा असेल, तर तीन गोष्टी. उन्हात टोपण. टोपण हरवलं असेल तर अपर्चर १६ वर, फोकस जवळ, आणि काच खाली. आधी वाइंड, मग स्पीड बदलायचा, उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. आणि ठेवून देताना वाइंड न करता ठेवायचा.

दुरुस्तीनंतरचा पहिला फोटो टेलरकाकांचा, मशीनवर बसलेले. त्यांना प्रिंट दिली. दुसरा आबांचा, ओसरीवर. काढून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, कॅमेरा हवाय. त्यांनी चाचपून लेन्सवर टोपण आहे का ते बघितलं.

होतं.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू. तुमच्या घरच्या माळ्यावर असं काही पडून असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. आणि काही बिघडवलं असेल, तर आधी घरी सांगा.