प्रेक्षक हाही ग्राहकच
(ग्राहकांच्या सभेत केलेले भाषण)



नाटकाचे वा मैफलीचे तिकीट म्हणजे दारावर दाखवावयाचा नुसता परवाना नव्हे. तो एक करार आहे. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, जाहिरातीत सांगितलेला कार्यक्रम सादर करण्याचे वचन आयोजक देतो आणि प्रेक्षक त्या वचनाची किंमत आगाऊ मोजतो. वाण्याकडे धान्य पारखून पैसे देता येतात. येथे पैसे आधी जातात आणि माल मागाहून दिसतो. म्हणूनच येथे संरक्षणाची गरज अधिक.

ते संरक्षण कायद्यात आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. त्यातही ‘सेवा’ या संज्ञेत करमणुकीचा स्पष्ट समावेश आहे. कार्यक्रम रद्द झाला, पैसे भरूनही आसन मिळाले नाही, तर प्रेक्षकाला सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असे बारीक अक्षरांत छापले म्हणून आयोजक आपोआप सुटत नाही; अन्याय्य करारातील अटी रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. आधी एक किंमत दाखवून शेवटी शुल्क चढविणे, ‘दोनच जागा उरल्या’ अशी खोटी घाई करणे, न मागितलेली देणगी बिलात घुसडणे, या ऑनलाइन विक्रीतील क्लृप्त्यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने मनाई केली आहे.

तरीही तक्रारी होत नाहीत. चारशे रुपयांच्या तिकिटासाठी खेटे घालणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे प्रेक्षकाला वाटते, आणि आयोजकाची भिस्त नेमकी याच हिशेबावर असते. वस्तुतः ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि वकील सक्तीचा नाही. शिवाय आयोगाच्या परवानगीने एकाला सर्व समदुःखितांच्या वतीने दाद मागता येते. एकट्याचे चारशे क्षुल्लक असतील. हजार जणांचे चार लाख होतात.

कायदा अपुरा पडतो तो काळ्या बाजारापुढे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ‘कोल्डप्ले’चे कार्यक्रम झाले. २,५०० रुपयांपासून सुरू होणारी तिकिटे सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रीस येताच संपली आणि पुनर्विक्रीत लाखांच्या किमती मागितल्या गेल्या. या प्रकाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. नियम करणे हे कायदेमंडळाचे व शासनाचे काम, असा त्याचा अभिप्राय होता. चित्रपटगृहाबाहेर ‘दस का बीस’ म्हणणाऱ्या पोराला पोलीस पकडत. संगणकाआड तोच धंदा करणारा मात्र प्रतिष्ठित ठरतो!

आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या, निर्देशित कार्यक्रमांच्या तिकिटांची मूळ किमतीहून जादा दराने पुनर्विक्री बेकायदा ठरविली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हे अशक्य नाही. जादा दराच्या पुनर्विक्रीस बंदी, खुल्या विक्रीतील तिकिटांची संख्या आधी जाहीर करण्याचे बंधन आणि रद्द कार्यक्रमाचे पैसे सर्व शुल्कांसह मुदतीत परत, या तीन मागण्या प्रेक्षकांनी संघटितपणे लावून धरल्या पाहिजेत. सभागृहातील जागा मोजक्याच असणार. पण त्या कोणाला मिळाव्यात, हे दलालाच्या थैलीने ठरविता कामा नये.