सोफ्यावरचा पाहुणा

पोळ्या लाटत ऐकत असाल तर लाटणं थांबवू नका, गाडीत असाल तर रस्त्याकडे लक्ष असू द्या. आजचा विषय बेघर तरुण मुलांचा आहे. बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेशनबाहेर स्लीपिंग बॅगेत झोपलेला, दाढी वाढलेला माणूस येतो. सतरा-अठरा वर्षांची बेघर मुलं तशी दिसत नाहीत. ती शाळेचा गणवेश घालतात, टेस्कोमध्ये शनिवारची नोकरी करतात, आणि रात्री कुणाच्या तरी सोफ्यावर झोपतात. आज या मित्राकडे, परवा त्या मैत्रिणीकडे. इंग्रजीत याला सोफा सर्फिंग म्हणतात. शब्द मजेशीर आहे, प्रकार मजेचा नाही.

तो सोफा तुमचा असू शकतो. मुलगा म्हणतो, "आई, माझा मित्र आज आपल्याकडे राहू दे ना." तुम्ही आनंदाने हो म्हणता, एक वाटी वरण जास्त लावता. दुसऱ्या दिवशीही तो राहतो. चौथ्या दिवशी लक्षात येतं, की दप्तराबरोबर त्याने कपड्यांची पिशवीही आणली आहे. तो फारच नम्र आहे, न सांगता भांडी घासतो, आणि शनिवार-रविवारी घरी जायचं नाव काढत नाही. आपल्या घरची कार्टी भांडी घासत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा असा पाहुणा दिसला की थोडं थांबून विचारायचं.

काय विचारायचं? "तू इथे आहेस हे घरी माहीत आहे का?" हा पहिला प्रश्न. "परत गेलास तर तुला कशाची भीती वाटते का?" हा दुसरा, आणि तो जास्त महत्त्वाचा. कारण आपल्याकडचे काका-मामा लगेच मध्यस्थीला उठतात. "थांब, मी बोलतो तुझ्या बाबांशी, मिटवून टाकतो." साधं भांडण असेल, परीक्षेचे मार्क किंवा रात्री उशिरा येणं असेल, तर हा मार्ग चांगला आहे. पण घरात मारहाण होत असेल, लग्नाची जबरदस्ती असेल, किंवा मुलाने आपण समलिंगी आहोत हे सांगितल्यावर घर पेटलं असेल, तर तुमच्या एका फोनने तो मुलगा कुठे लपला आहे ते नेमक्या माणसांना कळतं. अशा वेळी घरी फोन करायचा नाही. जबरदस्तीने लग्न लावणं इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून गुन्हा आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून अठरा वर्षांखाली लग्नच करता येत नाही, आईवडिलांची संमती असली तरी. जिवाला धोका असेल तर ९९९.

आता कायद्याकडे येऊ. मी सांगते ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

मूल सोळा किंवा सतरा वर्षांचं असेल तर ते कायद्याने अजून मूलच आहे, आणि त्याची जबाबदारी कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसवर येते. हे सहजासहजी ठरलं नाही. लंडनमधल्या सदर्कच्या एका सतरा वर्षांच्या मुलाला आईने घराबाहेर काढलं. तो मित्रांकडे झोपत होता. कौन्सिल म्हणाली, तुला फक्त जागा हवी आहे, तेव्हा हाऊसिंग खात्याकडे जा. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि मे २००९ मध्ये निकाल लागला: ज्या मुलाला राहायला घर नाही, त्याला १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम २० खाली चिल्ड्रन्स सर्व्हिसेसने सांभाळायचं, हाऊसिंगकडे टोलवायचं नाही. कागदोपत्री फरक बारीक दिसतो, पण मुलाच्या आयुष्यात मोठा आहे. हाऊसिंगकडून मिळाली तर एक खोली मिळते. कलम २० खाली मुलगा कौन्सिलच्या देखभालीतला होतो, त्याला सोशल वर्कर मिळतो, आणि पुढे ठरलेली अट पूर्ण झाली की केअर लीव्हर म्हणून पंचविसाव्या वर्षापर्यंत सल्लागाराची मदत मागता येते. म्हणून मुलाबरोबर कौन्सिलमध्ये गेलात आणि खिडकीवरच्या माणसाने "हाऊसिंगचा फॉर्म भरा" म्हटलं, तर शांतपणे "सदर्क निकाल" एवढे दोन शब्द उच्चारायचे. या मुलांना बी अँड बीमध्ये ठेवणं योग्य नाही, असं सरकारची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

एक गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. सोळा वर्षांखालचं मूल, जे तुमचं जवळचं नातेवाईक नाही, ते तुमच्याकडे २८ दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असेल, तर कौन्सिलला कळवावं लागतं. मूल अपंग असेल तर ही मर्यादा अठरा वर्षांची आहे. याला प्रायव्हेट फॉस्टरिंग म्हणतात. "मित्राचाच मुलगा आहे, गावाकडचे संबंध आहेत" हे कारण चालत नाही. भारतातून कुणी ओळखीच्याने मुलाला वर्षभर शिकायला तुमच्याकडे पाठवलं, तरी हाच नियम.

अठरा पूर्ण झाली की चित्र पालटतं. २०१७ चा होमलेसनेस रिडक्शन ॲक्ट एप्रिल २०१८ पासून लागू झाला. ५६ दिवसांच्या आत घर जाणार असेल तरी कौन्सिलने मदत सुरू केली पाहिजे, असं तो सांगतो. म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत थांबायचं नाही, नोटीस हातात पडली की जायचं. पण त्याच रात्रीपुरती तरी जागा देण्याचं बंधन कौन्सिलवर सगळ्यांसाठी नाही. गरोदर मुली, पदरात मूल असलेले, एकवीसच्या आतले केअर लीव्हर, घरातल्या छळामुळे बेघर झालेले, इतर काही कारणाने जास्त असुरक्षित असलेले, अशांना ते मिळतं. धडधाकट एकोणीस वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा यादी आणि सल्ला मिळतो. त्यात युनिव्हर्सल क्रेडिटची रक्कम पंचविशीच्या आत कमी, आणि भाड्याची मदत पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला साधारणपणे दुसऱ्यांबरोबरच्या घरातल्या एका खोलीपुरती. आणि घरमालक मागतो डिपॉझिट आणि जामीनदार. ज्याला आईवडिलांनीच बाहेर काढलं, त्याने जामीनदार आणायचा कुठून? ही व्यवस्था मुळात असं धरून चालते, की प्रत्येक तरुणाच्या मागे एक घर आहे.

व्हिसावर असलेल्यांचं आणखी वेगळं. स्टुडंट व्हिसावर आलेली आपली पोरं, स्किल्ड वर्करची मोठी मुलं, यांच्या कागदावर सरकारी निधीचा हक्क नाही असं लिहिलेलं असतं. त्यांना बेघरपणाची मदत आणि बेनिफिट मिळत नाहीत. मात्र अठरा वर्षांखालच्या मुलासाठी चिल्ड्रन ॲक्टचं संरक्षण व्हिसा बघून थांबत नाही. आणि विद्यार्थ्यांनी एका खोलीत सहा-सात गाद्या टाकून राहण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी-साहाय्य विभागाकडे अडचणीच्या निधीची चौकशी करावी. आपली मुलं ती करत नाहीत. "पुण्याला कळलं तर?" ही लाज आड येते. घरी पैशांची तंगी आहे हे परक्याला सांगण्यापेक्षा ती नाइट बसमध्ये रात्र काढतात.

लाजेचाच विषय निघाला म्हणून बोलते. "आपल्या समाजात असं होत नाही" हे वाक्य मी मंडळाच्या कार्यक्रमात कितीदा तरी ऐकलं आहे. रागाच्या भरात "चालता हो माझ्या घरातून" हे वाक्य मात्र मराठीत अस्खलित म्हणता येतं. बापाला वाटतं, पोरगा संध्याकाळी मुकाट्याने परत येईल. नागपुरात तो आत्याकडे गेला असता, चाळीत शेजारच्या काकूंनी जेवायला घातलं असतं, आणि दोन दिवसांनी प्रकरण निवळलं असतं. इथे आत्या नाही. शेजारच्यांचं आडनावही माहीत नाही. तेच वाक्य इथे उच्चारलं की मूल खरोखर रस्त्यावर जातं. तेव्हा ते तोंडातून निघालं असेल तर त्याच रात्री मेसेज करा. भांडण राहू द्या शिल्लक, पण दार उघडं आहे एवढं कळवा. मध्ये तिसरा माणूस हवा असेल तर अनेक कौन्सिल आणि संस्था कुटुंबात समेट घडवणारे प्रशिक्षित लोक देतात. आपल्या काकांपेक्षा ते कमी बोलतात आणि जास्त ऐकतात.

मूल समलिंगी किंवा ट्रान्स असल्यामुळे घर सुटलं असेल, तर त्यांच्यासाठीच काम करणारी एकेटी ही संस्था आहे. १९८९ साली मँचेस्टरमध्ये अल्बर्ट केनेडी नावाचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्यासारख्या मुलांना प्रेमाने ठेवून घेणारी घरं मिळावीत म्हणून त्याच वर्षी त्याच्या नावाने ही संस्था निघाली.

आता त्या घरांविषयीच सांगते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सात घरांनी मिळून एक मुलगा शिकवायचा, आणि कुणा एकावर भार पडायचा नाही. त्या पद्धतीत जात पाहिली जायची, हेही खरं. ती चौकट मोडायला छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. घर नसलेल्या मुलाला घर देण्याची रीत आपल्याला शिकवावी लागत नाही.

इथे या 'वारा'सारखीच एक योजना आहे, तिचं नाव नाइटस्टॉप. ती १९८७ मध्ये लीड्सला सुरू झाली, आणि आता डीपॉल यूके ही संस्था तिचं जाळं सांभाळते. सोळा ते पंचवीस वयाच्या मुलाला एका रात्रीसाठी कुणाच्या तरी घरातली मोकळी खोली मिळते. जेवण, गरम पाण्याची आंघोळ, स्वच्छ अंथरूण, सकाळी नाश्ता. गरज असेल तर दुसऱ्या रात्री दुसरं घर, तोवर संस्थेची माणसं पुढची सोय शोधतात. यजमान स्वयंसेवक असतात. संस्था आधी घर पाहून जाते, डीबीएस तपासणी होते, संदर्भ घेतले जातात, प्रशिक्षण मिळतं. मुलाचीही आधी नीट चौकशी होते. आज जमणार नाही असं यजमानाला सांगता येतं.

मोकळी खोली कुणाकडे आहे? आपल्याकडे आहे. वरची ती बॉक्स रूम, जिच्यात चार सूटकेसा, गणपतीचं मखर आणि आई-बाबा सहा महिने यायचे म्हणून घेतलेला पलंग आहे. आई-बाबा येतील तेव्हा येतील. उरलेले महिने तो पलंग रिकामाच असतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या निर्वासितांसाठी इथल्या हजारो घरांनी अशाच खोल्या उघडल्या.

आमच्या घरी मांसाहार होत नाही, चालेल का? देवघर आहे, चालेल का? घरात लहान मुलगी आहे, मग? हे प्रश्न मनात येणं गैर नाही, ते नोंदणीच्या वेळी संस्थेला मोकळेपणाने विचारा. त्यांना हे प्रश्न नवे नाहीत. उलट एखाद्या गुजराती किंवा तमिळ मुलीला, जिने आठवडाभर चिप्स खाल्ले आहेत, गरम वरण-भाताचं ताट कुठल्याही फॉर्मपेक्षा लवकर धीर देईल.

एका रात्रीपेक्षा जास्त जमत असेल तर सपोर्टेड लॉजिंग्ज पाहा. त्यात मूल काही महिने, कधी दोन वर्षंही तुमच्याकडे राहतं. तुम्ही त्याची आई व्हायचं नसतं. वॉशिंग मशीन कसं लावायचं, डॉक्टरची अपॉइंटमेंट कशी घ्यायची, महिन्याचे पैसे तीस तारखेपर्यंत कसे पुरवायचे, एवढं शेजारी उभं राहून दाखवायचं. बरीच कौन्सिलं आणि संस्था हे चालवतात, आणि याचा मोबदला मिळतो. मुलं मोठी होऊन बाहेर पडली आहेत, घर मोठं आहे आणि संध्याकाळ लांबते आहे, अशा पन्नाशी-साठीतल्या जोडप्यांना हे काम जमेल असं मला मनापासून वाटतं.

मंडळांना एक विनंती. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. दिवाळी, नाटक, ढोल-ताशा हे सगळं आपल्याला उत्तम जमतं. पुढच्या कार्यक्रमात मध्यंतराला दहा मिनिटं नाइटस्टॉपच्या माणसाला बोलवा. बटाटेवडे तसेही उशिराच येतात.

आज कुणाला लगेच मदत हवी असेल, तर शेल्टरचा मोफत क्रमांक ०८०८ ८०० ४४४४. सोळा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी सेंटरपॉइंटचीही स्वतंत्र हेल्पलाइन आहे. हीच संस्था १९६९ मध्ये सोहोमधल्या एका चर्चच्या जागेत सुरू झाली होती. मराठीत बोलणारं कुणी हवं असेल तर दुभाषा मागा, मागायला संकोच करू नका. आणि तुमच्या सोफ्यावर आत्ता कुणी झोपलं असेल, तर क्रमांक लिहून घ्या. तो उठल्यावर, चहा घेताना, दोघं मिळून फोन लावा.