टेपवाले आले तर काय विचारायचं?
(खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील वाडी-बैठकीत केलेलं भाषण)

 

हिरड्याच्या दिवसांत दोन गाड्या आल्या होत्या, आठवतं ना? टेप, दोऱ्या, लोखंडी नळ्या. झाडं मोजली, देवराईतल्या झऱ्याजवळची माती पिशव्यांत भरली आणि शेवटी एका कागदावर अंगठे मागितले. आम्ही दिले नाहीत. कागद वाचायला ठेवून घेतला. त्यावरच आज बोलायचंय.

मोजणी काही जादू नाही. जमिनीपासून साडेचार फुटांवर, छातीएवढ्या उंचीला, बुंध्याभोवती टेप लावायची. घेर, उंची आणि लाकूड जड की हलकं, यावरून वजनाचा अंदाज काढतात. अंजनी जड, पांगारा हलका, हे आपल्या म्हाताऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं धरतात. माती वाळवून, तपासून बघतात.

पण ओल्या जागेची गोष्ट वेगळी. पाणी साचतं तिथं हवा शिरत नाही, पाला पुरता कुजत नाही, थरावर थर बसत जातो. अशा मातीला पीट म्हणतात. थंड मुलुखांत आणि इंडोनेशियात ती कित्येक मीटर खोल आहे. जगाच्या जमिनीत शंभरातले तीन-चारच भाग, पण सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त कार्बन तिच्यात. इंडोनेशियात चर खणून पाणी काढलं, तर १९९७ साली ती जमीनच महिनोन् महिने धुमसली. आपल्याकडं एवढं खोल काही नाही, उगाच फुशारकी नको. पण सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे, जेमतेम अडीच हेक्टर. श्वास घ्यायला मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. गावानं देवराई म्हणून राखली म्हणून ती राहिली. सरकारनं वारसा स्थळ नंतर केलं.

आपल्या झऱ्यापाशी नळी एकच फूट ठोकली. खालच्या काळ्या मातीचा हिशेब कुठाय?

आता कागद. त्यात नुसतं 'टन' लिहिलंय. कशाचा टन? १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो वायू होतो. बाजारात क्रेडिट विकतात ते वायूच्या टनावर. आपल्याला कार्बनच्या टनाचा भाव दिला, तर साडेतीन पटीहून जास्तीचा फरक मधल्यामधे जातो. मुदत ४० वर्षं. हिरडा, सरपण, गुरं यांबद्दल एक ओळ नाही! आपलीच पोरं चाकणला कंत्राटावर राबतात. धूर तिकडचा, भरपाई आपल्या झऱ्यात दाखवायची, आणि सरपणाला बंदी आपल्याला, असं चालणार नाही.

आम्ही अभ्यासाच्या विरोधात नाही. पोरी मोजायला शिकल्या, चांगलंच झालं. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. सरपंचाची सही किंवा एकट्यादुकट्याचा अंगठा म्हंजे ग्रामसभा नव्हे. आधी मराठीत कागद, ग्रामसभेत वाचन, आकड्यांची प्रत गावात, मग बोलणी. ज्या वाड्यांचे सामूहिक दावे अजून पडून आहेत त्यांनी तर पेनाला हात लावू नये.

रविवारी आपणच झरा मोजणार आहोत. पहार, सुतळी, शिंप्याची टेप घेऊन या. दुसऱ्या पाळीवाल्यांनी सकाळी सातलाच यावं.