एका नोंदीचे मोल
(वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधांविषयी बोलण्याचा अधिकार आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांचा. तथापि आजचा विषय नोंदवहीचाही आहे, म्हणून हे धाडस.

दम्याने धाप लागलेल्या कसब्यातील एका वृद्ध भगिनींना आमच्या रुग्णालयात ॲमिनोफायलिन हे श्वासनलिका रुंदावणारे औषध शिरेतून देण्यात आले. थोड्याच वेळात त्यांच्या अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी औषध तत्काळ थांबवून उपचार केले. त्या सुखरूप घरी गेल्या. नंतर त्यांचे चिरंजीव म्हणाले, "मागच्या खेपेलाही घरी गेल्यावर असंच झालं होतं. आम्हाला वाटलं, पित्त उठलं. आमसुलाचं पाणी लावलं." आम्ही जुना केसपेपर काढून पाहिला. औषधाची नोंद होती, पित्ताची नव्हती. विचारण्याचे काम आमचे होते. ते राहून गेले.

डॉक्टरांनी आम्हांस समजावले ते असे : ॲमिनोफायलिनमध्ये थिओफायलिनसोबत एथिलिनडायअमिन हा घटक असतो. थिओफायलिन पाण्यात नीट विरघळावे म्हणून तो घालतात. काही जणांना वावडे असते ते बहुधा या जोडघटकाचे, हे त्वचा-चाचण्यांवरून संशोधकांनी दाखविले आहे. काही जुन्या मलमांतही हा घटक असे. मलमामुळे त्वचेला वावडे जडावे आणि पुढे इंजेक्शनने अंगभर पुरळ उठावे, असेही घडलेले आहे.

म्हणून आता औषधांचे वावडे केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले जाते आणि तशी चिठ्ठी रुग्णाजवळही दिली जाते.

आप्तजनांस विनंती : औषधानंतर पित्त उठल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे, औषधाचे वेष्टन जपून ठेवावे. ओठ वा जीभ सुजल्यास, श्वास कोंडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मात्र दम्याचे औषध स्वतःहून कायमचे बंद करू नये. २०१० पासून देशात औषध-दक्षता कार्यक्रम सुरू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णासही दुष्परिणाम कळविता येतो.

देणगीदारांच्या औदार्यातून यंत्रसामग्री येते, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. या नोंदीस मात्र एक लाल पेन आणि दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे प्रत्येक रुग्णास मिळतील, याची हमी आम्ही आज या सभेपुढे देतो.