बोलती पाटी



विषय निवडण्याची मुभा आपण मला दिलीत, तेव्हा प्रथम आठवल्या त्या आमच्या वहिनी. सोनपेठच्या आमच्या घरात पत्र, पावती, पंचांग सर्वांआधी वाचणाऱ्या त्याच. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू क्षीण होत गेली आणि बँकेचा संदेशही नातवाकडून वाचून घेण्याची वेळ आली. आपल्या खात्यातील रक्कम आधी दुसऱ्यास कळावी व नंतर आपणास, याचे शल्य त्यांना फार होते.

मुलाने टॅबलेट आणून दिला. आम्ही उत्साहाने त्यावरील अक्षरे सर्वांत मोठी केली, आणि तेथेच चुकलो. काचबिंदूत नजरेचा घेर सहसा कडेकडून आकसत जातो. अशा नजरेत मोठे अक्षर एकेकटेच मावते, सबंध शब्द हाती लागत नाही. ज्यांची नजर केवळ अधू झाली आहे, त्यांना मोठी अक्षरे उपकारक ठरतात. वहिनींना ती अडसरच झाली. त्यांना काय दिसते, हे आम्ही विचारलेच नव्हते!

मग 'टॉकबॅक' सुरू केले. अँड्रॉइड यंत्रांत ही सोय २००९ पासून आहे. सेटिंग्जमधील 'अॅक्सेसिबिलिटी' या भागात ती सापडते. मात्र ती सुरू होताच यंत्राची रीतच पालटते. एकदा स्पर्श केला की बोटाखाली काय आहे ते ऐकू येते. ते उघडण्यास लागोपाठ दोन टिचक्या माराव्या लागतात. पडदा सरकवावयाचा तर दोन बोटांनी. हे ठाऊक नसल्याने आम्ही तासभर झटत बसलो. यंत्र ऐकेना, आणि गप्पही बसेना! म्हणून माझ्या मते पहिला धडा ते बंद करण्याचा असावा. शॉर्टकट आधी नेमून ठेवल्यास आवाजाची दोन्ही बटणे काही क्षण एकत्र दाबून धरली की टॉकबॅक बंद वा चालू होते.

मराठी आवाज इंटरनेटवरून एकदाच उतरवून घेतला, बोलण्याची गती कमी केली. इअरफोनही आणला, कारण खात्यातील शिल्लक साऱ्या ओसरीने ऐकण्याची गोष्ट नव्हे. तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी बँकेचा संदेश स्वतः ऐकला. रक्कम त्यांनी कोणासही सांगितली नाही.

एक अडचण मात्र टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये सुटणारी नाही. छायाचित्राच्या रूपात आलेली निमंत्रणपत्रिका त्यांच्यापुढे बहुधा मुकीच राहते. जुन्या फाँटमध्ये जुळविलेल्या मजकुराची अवस्था त्याहून चमत्कारिक. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. त्यामुळे डोळ्यांस शुद्ध मराठी दिसते, पण यंत्र मात्र निरर्थक अक्षरे उच्चारते. युनिकोडमधील मजकूर तेवढा नीट वाचला जातो.

आपली सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आता छपाईस जाईल. मुद्रकाकडून तिच्या मजकुराची युनिकोड फाइलही मागून घ्यावी, एवढी विश्वस्तांना विनंती. ती मिळाल्यास पहिली प्रत मी वहिनींच्या टॅबलेटवर पाठवीन.