चुकलेला माग



डीबगरच्या खोट्या साक्षीवर विसंबून मी एकदा एका सहकाऱ्याला नाहक दोष दिला. आज त्याविषयी बोलतो.

एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते तेव्हा परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे स्मृतीतल्या चळतीवर, ठेवला जातो. हे पत्ते क्रमाने वाचले की कोणी कोणाला बोलावले ते कळते. या यादीला बॅकट्रेस म्हणतात. मी तिला 'माग' म्हणतो.

आमच्या प्रोग्रॅममध्ये 'मेन' हे 'गणना'ला आणि 'गणना' हे 'बेरीज'ला बोलावी. 'बेरीज' मी हाताने असेम्ब्लीत लिहिले होते. एकेक यंत्रसूचना चालवत मी 'बेरीज'च्या पहिल्याच सूचनेवर थांबलो. डीबगरने माग दाखवला: बेरीज, मेन. 'गणना' गायब! त्यातल्या तपासण्या टाळून 'मेन'ने थेट 'बेरीज'ला बोलावले, असे मी ठरवले आणि 'मेन' लिहिणाऱ्याला चारचौघांत बोल लावला.

चूक वेगळीच होती. एक्स८६-६४ प्रोसेसरवर अशा फंक्शनच्या आरंभी दोन सूचना असतात. पहिली जुना आरबीपी चळतीवर ठेवते, दुसरी आरएसपीची किंमत आरबीपीत भरते. तोवर आरबीपी बोलावणाऱ्याचाच असतो. परतीचा पत्ता आधी आरएसपी दाखवतो तिथेच असतो. पहिल्या सूचनेनंतर आरएसपीपासून 8 बाइटवर. दुसरीनंतर आरबीपीपासून 8 बाइटवर. आमचा डीबगर मात्र पहिल्या सूचनेपासूनच आरबीपीवर भिस्त ठेवून होता. त्यामुळे त्याने 'गणना'चा परतीचा पत्ता 'बेरीज'चा म्हणून वाचला, आणि तो होता 'मेन'मधला. दोन सूचना पुढे गेलो, तर 'गणना' जागेवर हजर!

परतीचा पत्ता प्रत्येक सूचनेपाशी कुठे आहे, याची नोंद कंपायलर सहसा स्वतः करतो. हाताने लिहिलेल्या असेम्ब्लीत ती सीएफआय निर्देशांनी आपणच करावी लागते. मी ती केली नव्हती. नोंद नसल्याने डीबगर अंदाजावर चालला. त्या चार-पाच ओळी घातल्यावर माग पहिल्या सूचनेपासून खरा आला.

दोष माझाच होता. सहकाऱ्याची क्षमा मागितली, तीही चारचौघांतच. तेव्हापासून फंक्शनच्या उंबरठ्यावर दिसलेला माग मी आरएसपीवरचा पत्ता स्वतः वाचल्याशिवाय मानत नाही. यंत्र अंदाजही खात्रीच्याच सुरात सांगते. तो पारखून घेणे आपले काम.