गुगलवर 'पहिला नंबर' : थेट विक्री करणाऱ्या उत्पादकांचे गैरसमज

(थेट विक्री करणाऱ्या उत्पादकांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



आपल्यापैकी बरेच जण आता केवळ पीक घेऊन थांबत नाहीत. कोणाची डाळिंबाची रोपवाटिका आहे, कोणी गुऱ्हाळाचा गूळ डब्यात भरून विकतो, कोकणातील बागायतदार हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरी पोचवितात. काही भगिनींनी मसाले व लोणच्यांचा उद्योग उभारला आहे. अशा उत्पादकांना अलीकडे एक फोन हमखास येतो. 'तुमचा व्यवसाय गुगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो, हमी देतो, वर्षाचे अमुक हजार भरा.' या कामास सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसइओ म्हणतात. काम खोटे नाही; परंतु त्याविषयीचे गैरसमज खिशाला फार महाग पडतात.

प्रथम हे काम चालते कसे ते पाहू. गुगलची यंत्रणा इंटरनेटवरील पाने सतत वाचत असते व त्यांची सूची करून ठेवते. ग्राहक शब्द टाइप करतो त्या क्षणी या सूचीतून उत्तरे निवडून त्यांचा क्रम लावला जातो. बाजार समितीत आवक नोंदणे निराळे आणि सौदा होणे निराळे, तसेच हे आहे. शिवाय हा क्रम सर्वांना सारखा दिसत नाही. सांगोल्यात बसून 'डाळिंब रोपे' शोधणाऱ्यास जे दिसेल ते नागपूरच्या माणसास दिसेलच असे नाही. तेव्हा हमी देणाऱ्यास विचारावे, पहिला नंबर म्हणजे कोणत्या शब्दाला, कोणत्या गावी? आपल्या रोपवाटिकेचे पूर्ण नाव टाइप केले तर बहुधा तीच पहिली येते; तेवढे दाखवून पैसे घेणारेही आहेत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात सांगितले आहे.

दुसरा समज असा की गुगलला जाहिरातीचे पैसे दिले की नेहमीच्या यादीतही आपण वर येतो. तसे होत नाही. जाहिरात वेगळी दाखविली जाते, तिच्यावर तशी खूणही असते आणि पैसे संपले की ती दिसेनाशी होते. हंगामाच्या दीड महिन्यात आंबा विकावयाचा असेल तर जाहिरात जरूर करावी, परंतु तिचा हिशेब वेगळा ठेवावा.

तिसरा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे. पानावर एकच शब्द पन्नास वेळा लिहावा, म्हणजे गुगलला तो 'कळतो', असे सांगितले जाते. काही जण पानाच्या आतील भागात, ग्राहकाला न दिसणाऱ्या जागी, शंभर शब्दांची यादी भरून तिचे पैसे घेतात. अशी यादी क्रम लावताना आपण विचारात घेत नाही, असे गुगलने २००९ सालीच जाहीर केले होते. मी म्हणेन, शब्द मोजण्यापेक्षा शब्द निवडण्याकडे लक्ष द्यावे. आपण लिहितो 'दर्जेदार कृषी उत्पादने'. ग्राहक मात्र 'सेंद्रिय गूळ ५ किलो', 'देवगड हापूस पेटी दर', 'भगवा डाळिंब रोपे' असे टाइप करतो. तो जे विचारतो त्याचे उत्तर पानावर असले पाहिजे: जात कोणती, पेटीत किती डझन, दर काय, कोणकोणत्या गावी पोच देता, फळ खराब निघाल्यास काय करता. फोनवर ग्राहक जे दहा प्रश्न नेहमी विचारतात ते वहीत टिपून ठेवले तर पानाचा निम्मा मजकूर तयार झालाच म्हणून समजा. मराठी ग्राहकासाठी मराठीत लिहावे. परप्रांतातील ग्राहक हवा असेल तर इंग्रजीचे पान वेगळे ठेवावे. आणि ही माहिती टाइप केलेल्या अक्षरांत हवी. पुष्कळ जण दर, पत्ता, फोन असे सर्व काही एका रंगीत चित्रात छापून तेच वेबसाइटवर लावतात. दिसावयास ते छान दिसते, पण चित्रातील अक्षरांवर विसंबून राहू नये.

वेबसाइटशिवाय गुगलवर येताच येत नाही, हाही गैरसमजच. रोपवाटिका, कृषी पर्यटन केंद्र, गुऱ्हाळ अशा ठिकाणी ग्राहक स्वतः येतो. त्यांच्यासाठी नकाशावरील नोंद, म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल, आधी करावी. ती विनामूल्य आहे. तेथील क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही. अंतर आपल्या हाती नाही. प्रकार अचूक निवडणे, वेळा व फोन बरोबर ठेवणे, खरे फोटो लावणे हे हाती आहे. नाव मात्र फलकावर आहे तेच द्यावे. नावापुढे 'सर्वात स्वस्त रोपे सोलापूर पुणे' अशी शेपटी जोडणे नियमाविरुद्ध असून त्यापायी नोंद बंद होऊ शकते. ग्राहक शेतावर येत नसतील तर पत्ता न दाखविता केवळ सेवा देण्याचे क्षेत्र नोंदविता येते.

अभिप्रायांविषयी थोडेसे. ग्राहकास अभिप्राय लिहावयास सांगणे योग्य आहे, पण त्याबदल्यात सवलत किंवा भेट देण्यास गुगलची मनाई आहे. विकतच्या दुव्यांचेही तसेच. इतर वेबसाइटवरून आपल्याकडे येणारे दुवे उपयोगी असतात हे खरे, म्हणून ते शेकड्यांनी विकले जाऊ लागले. २०१२ पासून गुगलने अशा प्रकारांवर मोठी कारवाई केली. आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या वेबसाइटवर आपले नाव असेल तर तो एक खरा दुवा अशा शंभरांहून बरा.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावे नोंदले आहे? पुष्कळदा काम करून देणारा ते स्वतःच्या ईमेलवर घेतो. पुढे मतभेद झाले की पाच वर्षे ग्राहकांच्या तोंडी बसलेले नाव त्याच्याकडेच राहते. सातबारा दुसऱ्याच्या नावे ठेवून आपण बाग लावू काय? डोमेन आपल्या नावे व आपल्या ईमेलवर घ्यावे, नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. गुगलच्या नोंदीवर मुख्य मालक आपण राहावे व मदतनीसास केवळ व्यवस्थापक करावे. तशी सोय त्यात आहे. गुगलमधून बोलतो, पैसे न दिल्यास नोंद काढून टाकू, असे म्हणणाऱ्यास काहीही देऊ नये व आलेला सांकेतिक क्रमांक सांगू नये. नोंद ठेवण्यासाठी गुगल पैसे आकारत नाही.

हे काम एकदा केले की संपले, असेही नाही, आणि चार दिवसांत फळ मिळेल असेही नाही. नव्या पानाचा परिणाम दिसण्यास कित्येक महिने लागू शकतात. आंबा एप्रिलमध्ये विकावयाचा तर पान मार्चमध्ये करून उपयोग नाही. आदल्या पावसाळ्यातच करावे. दरवर्षी नवीन पान काढू नये, त्याच पत्त्यावरील पानात नवे दर व तारखा भराव्यात, म्हणजे जुन्या पानाने मिळविलेले स्थान वाया जात नाही.

ज्यांचा सर्व माल बाजार समितीत जातो, किंवा ज्यांच्या दोनशे पेट्या जुन्याच ग्राहकांत व्हॉट्सॲपवर संपतात, त्यांनी यात पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना नवा ग्राहक हवा आहे त्यांनी सर्च कन्सोल हे गुगलचे विनामूल्य साधन वेबसाइटला जोडून घ्यावे. लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत आले, हे त्यात दिसते. हंगाम संपल्यावर ती यादी एकदा वाचावी व ज्या प्रश्नांची उत्तरे पानावर नाहीत ती पुढील बहरापूर्वी लिहून काढावीत.